कचोरीच्या दुकानावरचा दवाखाना

मॅडम आठवतात त्या नेहमी दुपारच्याच. एप्रिलमधली नागपूरची दुपार, खिडकीला लावलेला कूलर, त्याच्या ओल्या वाळ्यातून येणारा गार, मातकट वारा आणि हिरव्या पडद्यातून आत झिरपलेला उजेड. त्या उजेडात मॅडम बाकावर मांडी घालून बसलेल्या. समोर पेशंट बोलतोय आणि मॅडम छताच्या पंख्याकडे बघतायत. नवीन माणसाला वाटावं, बाईंना डुलकी लागली. तो बोलता बोलता थांबायचा आणि तेवढ्यात मॅडम विचारायच्या, "अन् ती गाडीची चाबी मग सापडली कुठं?"

"फ्रीजमध्ये, मॅडम."

"कोणत्या कप्प्यात?"

हा प्रश्न त्या अगदी मनापासून विचारत. त्या कप्प्यावाचून त्या माणसाची गोष्ट अपुरी राहणार असल्यासारखं.

मॅडम मानसोपचाराच्या डॉक्टर. त्यांच्याकडे येणारी माणसं सगळी मोठी, नोकरीधंद्याची, लेकराबाळांची. आणि त्यांना दोन दुखणी एकदम असायची. अंगावर नको इतकं वजन आणि डोक्यात कुठेच न टिकणारं लक्ष. या दुसऱ्या दुखण्याला एडीएचडी म्हणतात आणि ते फक्त शाळेतल्या पोरांना होतं, असं तोवर मलाही वाटायचं. मी नुकतीच शिकून बाहेर पडलेली आहारतज्ज्ञ होते. वजन कमी करणं म्हणजे किती खायचं याचा हिशेब आणि मनाचा निग्रह, अशी माझी पक्की समजूत. मी स्वतः काडीसारखी. त्यामुळे ती समजूत तपासून बघायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती.

दवाखाना धरमपेठेतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर होता आणि खाली कचोरीचं दुकान. सकाळी दहाला पहिला घाणा निघाला की वास जिन्यानं वर यायचा आणि बाकांवर बसलेल्या माणसांच्या मधून फिरायचा. मी आल्या आल्याच म्हटलं होतं, "मॅडम, आपण जागा बदलूया ना."

"काहून?"

"वजनाचे पेशंट, आणि खाली कचोरी..."

"त्याईच्या घराखाली काय आहे मंग? दवाई का दुकान?" मॅडम म्हणाल्या. "इथं जे जमन तेच घरी जमन वं."

मॅडम स्वतः चांगल्या भरभक्कम होत्या. जिना चढल्या की वरच्या पायरीवर कठडा धरून दोन मिनिटं उभ्या राहत. एकदा एका गृहस्थांनी तोंडावर म्हटलंही, "मॅडम, तुम्हीच आधी..." मॅडमना जराही राग आला नाही. म्हणाल्या, "मले तुमच्यासारखा आजार नाही भाऊ. मले फक्त जेवाले आवडते. तो वेगळा विषय आहे, त्याचा डॉक्टर वेगळा." आणि पुढे विचारू लागल्या की शाळेत तुमचं दप्तर किती वेळा हरवलं.

दवाखान्यात हात असलेली खुर्ची एकही नव्हती. मॅडमनी सुताराकडून रुंद लाकडी बाक करून घेतले होते. माणूस आला की आधी खुर्चीत मावतो का हे बघतो, म्हणजे दारातच त्याचा पाणउतारा झाला, असं त्यांचं म्हणणं. वजनाचा काटा आतल्या खोलीत. पेशंटनं स्वतः विचारलं तरच तिकडे न्यायचं. ज्यांना एका जागी बसवतच नाही त्यांना मॅडम हिवाळ्यात गच्चीवर न्यायच्या आणि पाण्याच्या टाकीभोवती दोघं गोल गोल फिरत बोलायचे. खालून मला नुसते त्यांचे आवाज ऐकू यायचे, जवळ यायचे, लांब जायचे, पुन्हा जवळ यायचे. अजूनही कधी झोप लागता लागता मला ते आवाज ऐकू येतात.

भेटीची वेळ पाळली जाईल असं त्यांनी कधीच धरलं नाही. ठरल्या वेळेच्या तासभर आधी त्या स्वतः फोन लावायच्या.

"निघाला का गा?"

"हो मॅडम, निघालोच."

"चप्पल घातली का?"

पलीकडे चपला शोधल्याची खुडबुड.

"घाल आधी. फोन ठेवू नको. घातली? आता कुलूप लाव."

असं एकेका माणसाला त्या घरातून अक्षरशः बाहेर काढायच्या. इतकं करून आलेली माणसं जाताना काहीतरी विसरून जायचीच. त्यासाठी एक काचेचं कपाट होतं. त्यात छत्र्या, डबे, चष्मे, एक बासरी आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचा न वाटलेला गठ्ठा. मॅडम कधी कधी त्या कपाटासमोर उभ्या राहून नुसत्या बघत बसायच्या. चेहऱ्यावर देवघरापुढे असतो तसा भाव.

लक्षावरच्या गोळ्यांनी काहींची भूक कमी होते, हे कानोकानी पसरलेलं होतं. एकदा एक बाई गोळ्या मागायला आल्या. मुलाचं लग्न तोंडावर आलेलं, तोवर बारीक व्हायचं होतं. मॅडमनी त्यांची सगळी चौकशी केली. बाईंचं लक्ष उत्तम होतं. लग्नाच्या चारही दिवसांच्या पाहुण्यांची यादी त्यांना तोंडपाठ होती. "तुम्हाले नाही देता येत," मॅडम म्हणाल्या. "ती वजनाची गोळी नाहीच आहे. रक्तदाब, हृदय, सगळं तपासून, ज्याले पाहिजे त्यालेच देतो आम्ही." बाई रागावून उतरल्या. थोड्या वेळानं मॅडमनी खिडकीतून मला बोलावलं. बाई खाली दुकानात उभ्या होत्या, हातात द्रोण. "पाह्य, आता खरं बरं वाटून राहिलं त्याईले," मॅडम म्हणाल्या, आणि त्यात थट्टा नव्हती.

आता सुधाकरभाऊंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मॅडमबद्दल सांगणं मला जमणार नाही.

सुधाकरभाऊ नागपूरलगतच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्टी करायचे, म्हणजे कोणत्या ट्रकमधून कुणाचा माल कुठे चालला त्याची पावती. वय चाळिशीतलं, दोन मुली, आणि चालताना धाप लागेल असा देह. साखर वाढली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलेले. आदल्या महिन्यात त्यांच्या हातून अकोल्याचा माल यवतमाळला गेला होता आणि मालकानं सांगून ठेवलं होतं, आणखी एकदा असं झालं तर येऊ नको. मॅडमनी पहिल्या भेटीत त्यांना तासभर बोलू दिलं आणि मग विचारलं, "तुम्हाले कोणी आळशी म्हणते का?"

"कोण नाही म्हणत ते विचारा मॅडम," सुधाकरभाऊ हसत म्हणाले.

"तुम्ही आळशी नाही. हा आजार आहे. लहानपणापासून आहे."

ते तसेच हसत राहिले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मॅडम पंख्याकडे बघत राहिल्या.

तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. खाण्याची बाजू माझ्याकडे. मी त्यांना एक वही दिली. जे खाल ते लिहायचं, वेळेसकट. पुढच्या भेटीला वही नव्हती. हरवली, म्हणाले. दुसरी विकत घ्या, म्हटलं. तीही आली नाही. चौथ्या वेळी ते रिकाम्या हातानं आले त्या दिवशी मॅडम स्वतःचे डोळे दाखवायला गेल्या होत्या आणि दवाखान्यात मी एकटी होते.

"चार वेळा झालं हे, सुधाकरभाऊ," मी म्हटलं. "एक साधी वही भरायची आहे. शाळेतली पोरं भरतात. तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? नसेल तर आमचा वेळ तरी घेऊ नका."

बाकांवर आणखी तिघे बसले होते. सुधाकरभाऊ हसले. "बरोबर आहे ताई," म्हणाले आणि जिना उतरून गेले. हेल्मेट बाकावरच राहिलं. मी ते कपाटात ठेवलं.

ते पुन्हा आले नाहीत. मॅडमनी फोन लावला की घंटी वाजत राहायची. दोन महिने झाले तेव्हा मॅडमनी एका दुपारी मला समोर बसवलं.

"काय म्हटलं तू त्याले?"

मी सांगितलं. थोडं मवाळ करून.

"असं नाही. जशी म्हटली होती, तशी म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"तशी म्हण वं पोरी. त्याच आवाजात."

तिसऱ्यांदा मी त्याच आवाजात म्हटलं. कूलरच्या घरघरीत माझाच आवाज मला परका वाटला. मॅडमच्या पुढ्यातला चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी त्या पडद्यातल्या हिरव्या उजेडाकडे बघत होत्या. त्या मला काढून टाकणार, असं मला वाटलं.

"उद्या वाडीले जा," शेवटी त्या म्हणाल्या. "हेल्मेट देऊन ये. दिवसभर बस त्याच्यापाशी. काही शिकवू नको. अन् माफी मागशील तं संध्याकाळी माग, सकाळी नको."

"का?"

"सकाळी नुसती मागून मोकळी होशील. संध्याकाळी तुले समजलं असन, कायची मागून राहिली ते."

दुसऱ्या दिवशी दहाला मी अमरावती रोडवरच्या त्या गोदामात जाऊन बसले. सुधाकरभाऊंनी हेल्मेट घेतलं, लाजले, मला स्टूल दिलं आणि मग मला विसरून गेले. रागानं नव्हे. विसरूनच गेले. टेबलावर दोन फोन, समोर तीन ड्रायव्हर, बाहेर ट्रक मागे घेणाऱ्याची आरोळी, धूळ उन्हात तरंगतेय. एक बिल्टी अर्धी लिहून झाली की दुसऱ्या फोनला उठायचे, परत येऊन तिसरीच हातात घ्यायचे. पण कोणत्या ड्रायव्हरची बायको दवाखान्यात आहे आणि कुणाच्या पोराचा निकाल लागायचा आहे, हे सगळं त्यांना ठाऊक. प्रत्येकाला विचारायचे. हमालांचे मुखिया नामदेवकाका मला हळूच म्हणाले, "देवमाणूस हाय ताई. फक्त त्याचं डोकं एका जागी नाही राहत."

त्यांचा डबा खिळ्याला टांगलेला होता. एक वाजला, हमाल सावलीत गोल करून जेवले. दोन वाजले, तीन वाजले. डबा तसाच. साडेचारला कुणीतरी समोसे आणले आणि सुधाकरभाऊंनी फोनवर बोलता बोलता, उभ्या उभ्या पाच खाल्ले. शेवटचा संपल्यावर त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. चोरी सापडलेल्या माणसाचा चेहरा.

पेन हवं म्हणून त्यांनी खण ओढला. आत चार वह्या होत्या. मी एकच दिली होती, बाकीच्या त्यांनी विकत आणलेल्या. मी न विचारताच त्यांनी त्या माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर सुंदर, घोटीव अक्षरात तारीख आणि खाली लिहिलेलं: सकाळी चहा, दोन पोळ्या, मेथीची भाजी. दुसऱ्या पानापासून सगळं कोरं.

"दर वेळी वाटे, या टायमाले पूर्ण करीन," ते म्हणाले. "मंग आणाले लाज वाटे. म्हणून हरवली म्हणो."

मला समजलं. मी माफी मागितली. ट्रकांच्या आवाजात ती नीट ऐकू तरी गेली की नाही, कोण जाणे.

"काहून मागता ताई? तुम्ही नवीन काही नाही बोलल्या. माहे बाबा बी हेच बोलत, गुरुजी बी." मग खाली बघत म्हणाले, "गोळी बी बंद केली मी. ती घेतली की दिवसभर भूकच लागे ना. अन् घरी गेलो का असा खात बसो, असा खात बसो, का पोरी पाहत राहत. वहीत लिहिलं असतं तं तुम्हाले दिसलं असतं ना."

म्हणजे जे आम्हाला कळायला हवं होतं तेच त्यांनी माझ्या धाकानं लपवलं होतं.

परत येऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "हमाल किती वाजता जेवतात?"

"एकला."

"मंग झालं." त्यांनी नामदेवकाकांचा नंबर मिळवला आणि सांगितलं, काका, भूक असो नसो, एक वाजता त्याले उचलून न्या, पंगतीत बसवा. वही बंद. सुधाकरभाऊ परत आले, मॅडमनी पुन्हा सगळं तपासलं, गोळीचं प्रमाण आणि वेळ बदलली. काकांनी मात्र नेम धरला. एक वाजला की टेबलापाशी येऊन ते म्हणायचे, "चाला भाऊ," आणि फोन स्वतःच्या खिशात टाकायचे.

चमत्कार झाला नाही. वजन उतरलं, मध्ये पुन्हा थोडं चढलं, मग परत उतरलं. साखर ताब्यात आली. मॅडम एकदा मालकाशीही बोलल्या आणि सुधाकरभाऊ टेबलावरून आवारात आले. ट्रक लावणं, माल चढवून घेणं, माणसं सांभाळणं. बिल्टी आता एक मुलगी करते. दिवसभर ते ट्रकांमधून फिरत असतात, आणि त्या कामात त्यांच्या हातून चूक झाल्याचं मी ऐकलं नाही.

मॅडमचे डोळे पुढे फार अधू झाले. त्यांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हाती दिला आणि त्या काटोलला धाकट्या भावाकडे राहायला गेल्या. मी त्यांना तिथे भेटायला गेले ती फेब्रुवारीत. संत्र्यांना बहर आला होता. बसमधून उतरून बागेच्या वाटेला लागले तर वास इतका दाट की झोपेत चालल्यासारखं वाटलं. झाडांखाली खाट, खाटेवर मॅडम, अंगावर कवडशांची जाळी. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

भाऊ झाडांमधून आला. मोठा, मांसल, साठीकडे झुकलेला, मुलासारखं हसणारा. "दूध आणतो, चहा करू," म्हणाला आणि गेला. तासभर आला नाही.

"येईन तो," मॅडम म्हणाल्या. "वाटेत पाण्याचा पाइप दिसला असन, तो जोडत बसला असन. मंग पाइपावरून मोटर आठवली असन."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या झाडांच्या पांढुरक्या धुक्याकडे बघत होत्या. आता त्यांना तेवढंच दिसत असावं.

"तुले मी त्या दिवशी काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "काहून का तू सुधाकरले जे बोलली, ते मी माह्या भावाले बोललेली होती. मोठी डॉक्टर झाली होती ना मी. सगळे पाव्हणे बसले होते. जेवताना त्याच्या हातातली पोळी काढून घेतली अन् म्हटलं. तेव्हा मले बी या आजाराचं काही माहीत नव्हतं. मंग पुस्तकं वाचत गेली तं प्रत्येक पानावर हाच. पण तोंड दाखवाची हिंमत नाही झाली. बारा वर्षं तो माह्या घरी आला नाही, मी इथं आली नाही. तू वाडीले जाऊन आली, अन् मले तुह्यापुढं लाज वाटली. त्याच रविवारी मी काटोलची बस धरली."

"मग?"

"मंग काय. दारात उभी राहिली. तो म्हणाला, चहा ठेवू का." भाऊ गेला त्या बाजूला त्यांनी मान वळवली. "नागपूरले दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं त्याले. मी त्याची डॉक्टर नाही. बहीणच राहिली नव्हती मी, तं डॉक्टर कुठून होऊ?"

भाऊ आला तेव्हा त्याच्या हातात दूध नव्हतं, पाइपाचा पाना होता. आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. संध्याकाळ झाली. मी निघाले तेव्हा मॅडमनी माझा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

भावानं मला मोटरसायकलवर बसस्टँडपर्यंत सोडलं. बस यायची होती. आम्ही लिंबाखाली उभे राहिलो.

"माही ताई सांगत असन तुम्हाले," तो म्हणाला. "ती अजून माफी मागत राहते. चार-आठ दिवस झाले का पुन्हा. मी म्हणतो, अवं, तू काय बोलली होती, मलेच याद नाही. मले काही याद राहते का? तुले तं माहीतच आहे माह्या डोक्याचं. तं हसते ती. तिले बरं वाटते."

"बरं केलंत," मी म्हटलं.

बस आली. त्यानं माझी पिशवी आत चढवली आणि दारापाशी, मी ऐकेन एवढ्याच आवाजात म्हणाला, "बाकी सगळं भुलतो मी ताई. घरची चाबी भुलतो, पोराचं लग्न कोणत्या साली झालं ते भुलतो. तेवढंच एक याद आहे. शब्दान् शब्द. कोण कुठं बसलं होतं ते बी." त्यानं पिशवी नीट आत सरकवली. "पण तिले सांगू नोका."